हेमिसची रंगीत तालीम

"लडाखची ट्रीप प्लॅन करावी ती इग्नेशियस डाबरेने! अख्ख्या अबुधाबीत दुसरा माणूस दाखवा!"

अल रीम आयलंडवरच्या टॉवरच्या सत्ताविसाव्या मजल्यावर, बोंबलाच्या कालवणात बोटं बुडवत इग्नेशियसने घोषणा केली. ऑफिसात तो ॲडमिन ऑफिसर. तिथे त्याला विचारल्याशिवाय झेरॉक्सचा कागदसुद्धा हलत नसे. घरात मात्र त्याचं ऐकायला फक्त फ्रीज होता, तोही मधूनमधून गुरगुरायचा.

"सप्टेंबरचा पहिला आठवडा, हेमिस नॅशनल पार्क! बारा हजार फुटांवर, थंड वाळवंट, हिमबिबटे..."

"थांब," बायको म्हणाली. "काय म्हणालास? वाळवंट?"

"थंड वाळवंट गं, ब्रिजिट!"

ब्रिजिट उठली आणि तिने बाल्कनीचं दार सरकवलं. ऑगस्टची वाफ अशी आत आली, जणू कोणी इडलीपात्राचं झाकण काढलं! "हे काय आहे मग? चौदा वर्षं वाळवंटात काढली, आता सुट्टीतही वाळवंटच?"

"डॅड, इज देअर वायफाय?" सोफियाने फोनमधून डोकं वर न काढता विचारलं.

इग्नेशियसने मग हुकमाचं पान टाकलं. दरवर्षीची सुट्टी वसईला घराचा रंग, भाच्यांची लग्नं आणि गावचे सण यांतच संपायची. आणि पुढच्या वर्षी सोफिया कॉलेजला कॅनडाला निघालेली. "तिघांनी मिळून कुठे जायचं, तर आत्ताच. नंतर ही कसली येते आपल्याबरोबर!"

ब्रिजिटने दार लावलं. परत येऊन त्याला एक बोंबील जास्त वाढला. म्हणजे हो!

आता इथेच थांबला असता तर तो इग्नेशियस कसला? त्याने विरळ हवेबद्दल वाचलं आणि त्याची झोप उडाली. दुसऱ्या दिवसापासून पाठीवर दहा किलो बासमती, डोक्याला कानटोपी आणि नाकावर मास्क लावून तो जिन्याने सत्तावीस मजले चढू लागला.

"साहब, लिफ्ट चालू है," वॉचमन फहद रोज काळजीने सांगायचा.

"पता है, पता है!" इग्नेशियस रोज धापा टाकत उत्तर द्यायचा.

एवढ्यावरही भागेना. त्याने मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत तुकारामला फोन लावला. तुकाराम संगमेश्वरकडचा, कंपनीच्या वर्कशॉपमधला वेल्डर. भला माणूस, पण फोन उचलला तेव्हा त्याच्या शेजारी ग्राइंडर किंचाळत होता.

"तुकाराम, ऑक्सिजन मिळेल का रे कुठे? छोटासा, परफ्यूमच्या डब्याएवढा! वर गेल्यावर श्वासाला त्रास नको!"

ग्राइंडरने मधलं सगळं खाल्लं. तुकारामला ऐकू आलं ते एवढंच: ऑक्सिजन... वर... श्वासाला त्रास.

"साहेब, तुम्ही काय काळजी करू नका! मी घेऊन येतो!"

शनिवारी सकाळी रंगीत तालीम होती. तिघांनी पिसांची जाकिटं घालून, सॅक पाठीवर घेऊन जिन्याने खाली उतरायचं आणि पुन्हा वर यायचं. "एकदाच," ब्रिजिटने बजावलं. "त्यानंतर पुन्हा नाव काढलंस तर याच जिन्यावरून ढकलीन!"

"धिस इज सो एम्बॅरसिंग," सोफिया म्हणाली आणि चेहरा झाकायला तिने माकडटोपी पार हनुवटीपर्यंत ओढली.

तिघं जिन्यात शिरले तेवढ्यात खाली पिकअप थांबली. तुकारामने ट्रॉलीवरून सिलेंडर लॉबीत आणला. वेल्डिंगचा! काळाकभिन्न आणि ब्रिजिटच्या उंचीचा!

"सत्ताईसवा माला, डाबरे साब," त्याने फहदला सांगितलं. "सांस का प्रॉब्लेम है. अर्जंट!"

फहदच्या डोळ्यांसमोर आठवडाभर धापा टाकणारे डाबरे साब उभे राहिले. त्याने इंटरकॉम लावला. उत्तर नाही. लिफ्टने वर जाऊन दार बडवलं. उत्तर नाही. "या अल्ला!" म्हणत त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली.

इकडे एकोणिसाव्या मजल्यावर शेजारीण आभा कचऱ्याची पिशवी घेऊन जिन्याकडे आली. बघते तर काय, तोंड झाकलेले तिघेजण सामानसुमान घेऊन खाली पळताहेत! सर्वांत पुढे इग्नेशियस, लाल झालेला, घामाने निथळणारा.

"काय झालं? आग लागली का?" ती ओरडली.

कानटोपीत आणि धापेत इग्नेशियसला धड ऐकूच आलं नाही. त्याला वाटलं, ती विचारतेय, खाली जाताय का? त्याने जोरजोरात मान हलवली आणि हाताने खूण केली: खाली, खाली!

आभाने पिशवी टाकली आणि भिंतीवरचा फायर अलार्म दाबला.

पुढची दहा मिनिटं त्या टॉवरने जे पाहिलं ते पाहायला हिमबिबट्याने तिकीट काढलं असतं! कोणी पासपोर्ट घेऊन उतरलं, कोणी कुकर घेऊन. एक गृहस्थ टॉवेलवर, पण लॅपटॉप छातीशी! समोरून ॲम्ब्युलन्स आली, पाठोपाठ आगीचे बंब. जवान लॉबीत शिरले आणि ऑक्सिजनचा सिलेंडर बघून दुप्पट वेगाने बाहेर आले. "बॅक! एव्हरीबडी बॅक! यल्ला!"

आत फक्त तुकाराम उरला, सिलेंडरला मिठी मारून. "नहीं छोडेगा! फोरमन को वापस देना है!"

त्याला बाहेर ओढून काढलं. चौकशी सुरू झाली. फहदने आभाकडे बोट दाखवलं, आभाने इग्नेशियसकडे. चव्वेचाळीस अंश तापमानात, पिसांच्या जाकिटात, अडीचशे शेजाऱ्यांच्या समोर इग्नेशियसने तोंड उघडलं, "ॲक्चुअली, वी आर गोइंग टू लडाख..." आणि तो फुटपाथवर आडवा झाला.

तो जागा झाला तो ॲम्ब्युलन्समध्ये. डॉक्टरांनी बीपी मोजलं, मग यंत्र हलवून पुन्हा मोजलं. "माउंटन? नो माउंटन, हबीबी! आधी तीन महिने गोळ्या. खलास!"

विमानतळावर ब्रिजिटचे डोळे भरून आले. "कॅन्सल करू या रे. तुझ्याशिवाय कसली मजा?"

"मुळीच नाही!" इग्नेशियसने सॅक तिच्या खांद्यावर चढवली. "सोफियाला घेऊन जा. माझ्या वाटचं पण बघा."

"आय विल कॉल यू एव्हरी डे, डॅड," म्हणत सोफियाने त्याला घट्ट मिठी मारली. सगळ्यांच्या देखत! फोन खिशात ठेवून!

त्या शुक्रवारी दुपारी तुकाराम पिकअप घेऊन दारात हजर. आपल्यामुळेच साहेबांची ट्रीप हुकली, हे त्याच्या मनातून जाईना. "चला साहेब, अल ऐनला. जबल हफीतवर नेतो. तोही डोंगरच, वाळवंटातलाच."

वाटेत इग्नेशियसचा डोळा लागला. गाडी थांबल्यावर जाग आली, तर चेहऱ्यावर गार वाऱ्याची झुळूक! त्याने डोळे मिटूनच छाती भरून श्वास घेतला. सगळा शीण उतरला. त्याने लेहला फोन लावला.

"ब्रिजिट, मी पण वर आलोय गं! काय हवा आहे! विरळ, पण शुद्ध! आणि मला काहीसुद्धा त्रास होत नाहीये!"

"साहेब," शेजारून तुकाराम हळूच म्हणाला, "डोंगर अजून पुढे आहे. आपण पेट्रोल पंपावर थांबलोय. ती गाडीतल्या एसीची हवा आहे."