आफ्रिका ते मुरबाड, मार्गे सिंधू

सुदाममास्तर पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारत नाहीत. त्याच्या भुवईवरचं हाड अंगठ्याने दाबून बघतात. परवानगी वगैरे काही नाही. तुम्ही बेसावध उभे असता आणि एक जाडजूड अंगठा तुमच्या कपाळाला येऊन टेकतो. मग निकाल लागतो. "जुना माल हाय," किंवा, "तू रे अगदीच अलीकडचा." जुन्या माणसाने यावर खूश व्हावं आणि अलीकडच्याने थोडी लाज बाळगावी, अशी त्यांची अपेक्षा असते. मी अलीकडचा निघालो. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण मास्तर अजूनही माझ्याशी सांभाळून घेतल्यासारखं बोलतात.

मुरबाडला एसटी स्टँडसमोर माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मास्तर माझे शेजारी. म्हणजे घराने शेजारी, पण निवृत्त झाल्यापासून मुक्काम दुकानातच. मास्तर म्हटल्यावर शाळेतले समजू नका. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. या मास्तरांनी सगळी नोकरी कल्याण ते माळशेज घाट या रस्त्यावर काढली. आदिमानवाशी त्यांची ओळखही गाडीतच झाली. कोणी उतारू सीटखाली एक पुस्तक विसरून गेला होता. माणूस माकडापासून कसा झाला, मग शेती कशी आली, शहरं कशी वसली, असलं काहीतरी. पुस्तकावर हक्क सांगायला कोणी आलं नाही, तेव्हा मास्तरांनीच ते वाचून काढलं. पुस्तकाची शेवटची पानं गायब होती. त्यामुळे मास्तरांच्या मते मानवाचा इतिहास इजिप्तपाशी संपतो. त्याच्यापुढे जे झालं ते सगळं राजकारण.

"आफ्रिका डेपोतून गाडी सुटली," मास्तर माझ्या गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाइकाची हनुवटी तेव्हा डोळे तपासायच्या मशीनवर टेकलेली असते, त्यामुळे बिचाऱ्याला पळता येत नाही. "अरबस्तानात चहापानी. मग सिंधूला मोठा थांबा. तिथं निम्मी गाडी रिकामी झाली. ज्यांना बसायला जागा मिळाली, त्यांनी तिथंच बसून मोहेंजोदडो बांधला. आपले लोक उभ्याने आले, पार मुरबाडपर्यंत."

"मग इथे काय बांधलं?" गिऱ्हाईक तशाच अवस्थेत विचारतं.

"उभ्या मानसाला टाइम कुठं असतो? पुढे सरका!"

हे 'पुढे सरका' मास्तर कुठेही वापरतात. वाद संपवायला, चहा मागवायला, सांत्वन करायला. एकदा आळीत कोणी पिरॅमिडचं कौतुक केलं तर मास्तर भडकले. "मेलेल्यांची सोय समदेच करतात. मोहेंजोदडोत जित्यांसाठी गटार व्हतं. आपल्या आळीत हाय का? पुढे सरका!" त्या एका वाक्यावर आळीने मास्तरांना निवडणुकीला उभं करायचं ठरवलं होतं. पण मास्तर प्रचाराला निघाले आणि प्रत्येक मतदाराचं कपाळ दाबू लागले, तेव्हा बेत रद्द झाला.

त्यांच्या पुतणीला बघायला एकदा एक मुलगा आला होता. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडची मंडळी खुशीत होती. मास्तर उठले, मुलाजवळ गेले आणि अंगठा टेकवला. पुढच्या क्षणी ते आनंदाने ओरडलेच. "थेट निअँडरथल! असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाय!" मुलाच्या वडिलांनी खालच्या आवाजात विचारलं, "ही कुठली पोटजात?" मास्तर म्हणाले, "आता शिल्लक नाय कोन त्यातलं." ते स्थळ परत आलं नाही. पुतणीला मुलगा मनातून नापसंत होता, म्हणून ती तेवढी काकांचे उपकार मानते.

मास्तरांच्या ओटीवर दगड आहेत. कुऱ्हाडी, तासण्या, बाणाची टोकं, असं ते म्हणतात. मला ते दगड वाटतात. प्रत्येकाखाली जुन्या तिकिटाच्या पाठीवर त्याचं वय लिहिलेलं. सगळी वयं हजारांत किंवा लाखांत, त्याखाली बात नाही. त्यातली सर्वांत जुनी कुऱ्हाड मास्तरांच्या बायको, आमच्या वहिनी, लसूण ठेचायला वापरतात. मी एकदा मास्तरांना त्यावरून टोकलं. ते म्हणाले, "वस्तू वापरात हाय, म्हंजे संस्कृती जिती हाय." स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "संस्कृतीला सांगा, कोथिंबीर आना."

तर असे हे मास्तर एका सकाळी दुकानात आले ते अंगठा न उगारताच. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गावला."

"कोण?"

"पयला मानूस. मुरबाडात उतरलेला."

वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्याला लागूनच मास्तरांच्या वाट्याची थोडी जमीन आहे. तिथे ते आंब्याचं कलम लावायला खड्डा खणत होते. गुडघाभर खाली पहार गेली आणि काळा थर लागला. राख, कोळसा, भाजलेली लाल माती. मास्तरांनी कलम बाजूला ठेवलं आणि हातांनी माती काढली. थर चांगला खाटेएवढा लांबरुंद निघाला. चूल, दुसरं काय? नाणेघाट चढायच्या आधी पहिल्या माणसाने इथे मुक्काम केला, शिकार भाजली, असं सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढे आलं होतं. आयुष्यभर लोक हसले, आता एकदा कोणा शिकलेल्या माणसाने येऊन 'होय' म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते मागताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला थट्टा सुचेना.

शहापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर माझ्याकडून चष्मे नेतात. मी त्यांना गळ घातली आणि एका रविवारी भाड्याची जीप घेऊन आणायला गेलो. मास्तरांची थोरली बहीण, आका, लेकीच्या बाळंतपणासाठी शहापूरलाच होती. तिचं सासर वैशाखऱ्यातच, मास्तरांच्या शेताशेजारी. तिलाही परत यायचं होतं, म्हणून तिला मागे बसवली. किन्हवलीच्या रस्त्याने येताना सरांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय असेल?" मी म्हटलं, "सर, काहीही असलं तरी जरा हळू सांगा."

खड्ड्याभोवती निरगुडीच्या काठ्या रोवून सुतळी बांधलेली होती. पत्र्यावर रंगाने लिहिलेली पाटी होती: 'आद्य मानवाची चूल. उतरताना पाय जपून.' आका बोचकी ठेवायला घरी गेली. सर खड्ड्यात वाकले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाकले. मीही बघितलं आणि ओळखलं.

आमच्याकडे भाताचं रोप करायची जागा पावसाळ्याआधी भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडाचा टहाळ रचायचा, वर बारीक माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, रोप जोमाने येतं. याला राब म्हणतात. राबाची राख न ओळखणारा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधून सापडला नसता.

"मास्तर," सर अगदी हळू म्हणाले, "हा राब तर नसेल?"

मास्तर याच प्रश्नाची वाट बघत होते. "राब? सर, शेतकऱ्याचा पोर हाय मी. राबावर पाऊस पडला का नांगर फिरतो, पेरा व्हतो. राख मातीत मिसळून जाते. असा पापडासारखा थर ऱ्हाईल का? अन् वर ही गुडघाभर माती. ती चढायला किती हजार वर्सं लागली असतील?"

सरांनी थराची कड बोटाने उकरून पाहिली. च्यायला, हा माणूस जिंकला की काय, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला आनंदच झाला.

तेवढ्यात आका आली. सुतळी वर उचलून ती सरळ आत शिरली आणि काठावर बसली. "आंब्याला एवढा खड्डा कशाला रे?"

"आंबा ऱ्हाऊ दे. आका, ही माती बघ, किती जुनी हाय."

"जुनी कसली? रस्ता रुंद केला तवा टाकली हितं रस्तावाल्यांनी. ढीग व्हता मोठा. मीच पसरवून घेतली."

मास्तरांनी खालच्या थराकडे बोट केलं. "अन् ही?"

आकाने वाकून चिमूटभर राख घेतली, बोटांत चोळली. "राब हाय. बाचा."

"अगं पन नांगरात मिसळला असता ना!"

"नांगर फिरवला कुनी? बानं राब भाजला, अन् पाऊस पडायच्या आत गेला. त्या साली हितं पेरलंच नाय. तू बाचे दिवस घालून ड्यूटीवर गेलास, अन् गाडीतनं हिकडं बघायचंच सोडलंस. मग वर माती पडली." तिने राख परत खड्ड्यात टाकली, आणि पाहुण्याला काहीतरी सांगायला हवं म्हणून सरांकडे वळली. "आमचा बा राबापाशी हिरवा डहाळा घेऊन उभा ऱ्हायचा. आग बांधाबाहेर जायला नको ना. अन् ह्याची गाडी दिसली का डहाळा असा वर करायचा. हा आतनं दोरी वढून दोनदा घंटी मारायचा. मग दिवसभर बाचं तेच. माझ्या पोरानं घंटी मारली, माझ्या पोरानं घंटी मारली. कान किटायचे आमचे."

ती हसली. सरही हसले. मास्तर खड्ड्यात बघत होते.

"त्या साली नाय मारली," ते म्हणाले. "डहाळा दिसला मला. पन तिकिटांचा ट्रे हातातनं निसटला व्हता, समदी तिकिटं खाली. ती गोळा करत बसलो. म्हनलं, परतीला मारू. परतीला आलो तवा राब विझलेला, बा घरात गेलेला."

"त्याच्या ध्यानातबी नसंल रे," आका म्हणाली. ती खोटं बोलत होती. ते मला कळलं, तर मास्तरांना कळलं नसेल असं नाही.

सर भला माणूस. इतक्या लांब येऊन मास्तरांना असं रिकाम्या हाताने सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. "तरी थोडा नमुना नेतो मी. वय काढता आलं तर बघू."

मास्तर खड्ड्याच्या आणि सरांच्या मधे येऊन उभे राहिले. "नमुना नको सर. फार जुना नाय ह्यो. परवाचाच हाय."

हजारांच्या खाली न उतरणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला फार वाईट वाटलं. त्यांनी स्वतः पाटी उपटली, सुतळी गुंडाळली, माती लोटून राख पुन्हा झाकली. मास्तर आमच्याबरोबरच परत निघाले. जीपवाला त्यांना नवा होता, चांगलं रुंद कपाळ होतं त्याचं. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर बरेच दिवस अंगठा थंड होता. गिऱ्हाइकंच विचारायला लागली, मास्तर आजारी आहेत का? मग हळूहळू आफ्रिकेची गाडी परत सुरू झाली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आंब्याचं कलम मात्र ओटीवर कुंडीतच राहिलं. कुठे लावणार विचारलं की म्हणायचे, "बघू. ती जागा भरलेली हाय."

पुढच्या उन्हाळ्यात मला ओतूरला लग्नाला जायचं होतं. माळशेजची एसटी पकडली. जुनी गाडी होती, छताला घंटीची दोरी अजून होती. वैशाखरे आलं तसा खिडकीतून धूर आत शिरला. लोक खोकायला लागले. मी बाहेर बघितलं.

मास्तरांच्या शेतात राब पेटला होता. राब कसला, धुराचा नुसता कारखाना. टहाळ ओला, माती ढेकळांची, रचताना कोणाला विचारलं नसणार हे उघड होतं. बांधावर आका बसली होती आणि तिचं तोंड चालू होतं. आणि धुरात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, उभ्या जन्मात कधी राब न भाजलेले आमचे मास्तर उभे होते. आमची गाडी दिसताच त्यांनी हातातला हिरवा डहाळा वर केला.

मी गाडीत आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. ते गाडीकडे बघत होते. आमचा कंडक्टर मागच्या बाजूला कोणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता. मी उभा राहिलो, दोरी धरली आणि जीव खाऊन दोनदा ओढली.

"कोन रे तो?" कंडक्टर मागून ओरडला. "दोरीला हात कुनी लावला?"

"मी लावला," मी म्हटलं. "पुढे सरका."

तो मला काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत होतो. मास्तर डहाळा तसाच वर धरून उभे होते, आणि मागे आका बोंब मारत होती की, "अरे सुदाम, आग बांधावर चढली, इकडं बघ!"