मिलिमीटर आणि काळ्या स्लाइड्स

सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडला, तेव्हा त्याच्याखाली ओळ होती, ‘यात काहीच नाही.’

दुसरा फोटो स्कूटरचा. खाली ओळ, ‘आमचं लग्न. उन्हात उभं राहून दोघंही दमलो.’ तिसऱ्या फोटोत मोठी मावशी, म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, कंबरेवर हात ठेवून उभी. तिच्याखाली, ‘ही जुनीच घेतली. सारखी बंद पडायची, पण ह्यांचा हिच्यावर फार जीव.’ चौथ्या फोटोतल्या शेळीखाली, ‘माझी मोठी बहीण. शाळेत शिकवायची.’ आणि पाचव्यात पाळण्यातलं एक गुटगुटीत बाळ होतं, त्याच्याखाली, ‘शेजाऱ्यांची शेळी. दिसेल ते खायची.’ ते बाळ म्हणजे दादा, सासूबाईंचा मुलगा. आता हुद्द्याने आणि वजनानेही भारदस्त.

हे पाठवणारा माणूस त्या घरचा जावई होता. कारखान्यात तयार मालाची मापं तपासणं ही त्याची नोकरी, आणि दुसऱ्याच्या घरातली तिरकी तसबीर उठून सरळ करणं हा स्वभाव. कारखान्यात त्याला मिलिमीटर म्हणत. सासरीही म्हणत, फक्त तो उठून गेल्यावर.

भानगडीची सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली होती. सासरे हौशी फोटोग्राफर. त्यांनी आयुष्यभर स्लाइड्स काढल्या, प्रोजेक्टरवर भिंतीला चादर लावून दाखवल्या, आणि जाताना सात ट्रे मागे ठेवले. पुढे दादाने एका स्वस्तातल्या यंत्रावर त्या स्कॅन केल्या. आईशेजारी बसून प्रत्येक फोटोत कोण, कुठे, कधी हे विचारलं आणि फाइलमध्ये लिहिलं. घरात या कामाचं नाव आदराने घेतलं जाई. मिलिमीटरने मात्र एकदा भात कालवता कालवता म्हटलं, “माहिती छान आहे. पण ते फोटो आहेत की काजळी, ते कळत नाही.”

दादाने चमचा खाली ठेवला. “मग तुम्ही करून दाखवा, जावईबापू. लांबून मापं काढणं सोपं असतं.”

झालं. मिलिमीटरने भाड्याने चांगला स्कॅनर आणला. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला सगळ्यांना टीव्हीवर नवे फोटो दाखवायचे असं ठरलं. फोटो उतरले अगदी लख्ख. राहिली ती जुन्या फाइलींमधली माहिती.

“फोटोच्या पोटात माहिती असते, तिला मेटाडेटा म्हणतात,” त्याने बायकोला समजावलं. “जुन्या फोटोच्या पोटातली काढायची आणि नव्याच्या पोटात घालायची. नंबराला नंबर. कॉम्प्युटर एका झटक्यात करतो.”

“ते पोटात पोट काय घालायचंय ते घाल,” बायको म्हणाली. “पण आईचं एक वाक्य जरी सांडलं ना, तर दादा तुला मरेपर्यंत ऐकवेल. आणि मला तुझ्यानंतरही.”

कॉम्प्युटरने खरोखर एका झटक्यात केलं. मिलिमीटरने फोटो तेवढे डोळे भरून पाहिले, ओळी वाचायची गरज त्याला वाटली नाही, कारण नंबर जुळत होते. नमुना म्हणून पहिला ट्रे त्याने ग्रुपवर टाकला आणि कौतुकाची वाट बघत बसला.

पहिला फोन मोठ्या मावशीचा आला.

“जावई, मी कधी बंद पडले होते?”

“मावशी, ते स्कूटरचं आहे. ओळी एकेक घर खाली सरकल्यात.”

“आणि ह्यांचा म्हणजे कुणाचा जीव? माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा? तो माणूस वर जाऊन बसलाय, नाहीतर आत्ताच्या आत्ता विचारलं असतं.”

“मावशी, स्कूटर...”

“आणि शेळीचं काय?”

शेळीचं काहीच नव्हतं. शेळी बिचारी आपल्या जागीच होती, खालची ओळ तेवढी मावशीची होती.

दादाने फोन केला नाही. त्याने ग्रुपवर फक्त लिहिलं, ‘शेळीकडून जावईबापूंना शुभेच्छा.’ त्याला अकरा जणांनी अंगठा दाखवला, त्यात मिलिमीटरची बायकोही होती.

कारण सापडायला वेळ लागला नाही. सासरे प्रत्येक ट्रेच्या सुरुवातीला एक काळी स्लाइड लावत. ट्रे रिकामा असला की प्रोजेक्टर भिंतीवर पांढरा झोत टाकतो आणि समोर बसलेल्यांचे डोळे दिपतात, म्हणून ही युक्ती. दादाने जसं होतं तसं सगळं स्कॅन केलं होतं, काळ्या स्लाइडसकट. तिच्याविषयीही त्याने इमानदारीत आईला विचारलं असणार, आणि आईने जे सांगितलं ते लिहिलं असणार. मिलिमीटरला मात्र रिकामी गोष्ट स्कॅन करणं म्हणजे हवा तोलणं वाटलं. त्याने काळ्या स्लाइड्स काढून टाकल्या. रांगेतला पहिला माणूस गेला आणि मागच्या प्रत्येकाच्या डोक्यावर पुढच्याची टोपी आली.

“एक घर वर सरकवायचं की झालं,” तो बायकोला म्हणाला, आणि सगळ्या ओळी एक घर वर सरकवल्या. पहिला ट्रे तपासला. मावशी मावशीच्या जागी, शेळी शेळीच्या. मग त्याने एक चूक केली, जी त्याने कारखान्यात कुणालाही माफ केली नसती. पहिला नमुना बरोबर निघाला म्हणून त्याने सगळा माल पास केला. दुसरा ट्रे ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, ‘दुरुस्ती पूर्ण. शंभर टक्के.’

दुसऱ्या ट्रेलाही स्वतःची काळी स्लाइड होती. तिच्यामुळे तिथे ओळी अजून एक घर खालीच होत्या. परिणामी मावशीचे यजमान, जे जागेपणी बोलत आणि झोपेत घोरत, त्यांच्या फोटोखाली आलं, ‘हॉटेलातला नळ. रात्रभर चालू, कुणाला झोप नाही.’

मावशीचा पुन्हा फोन आला. मिलिमीटरने कान लांब धरला.

“हे मात्र बरोबर आहे,” मावशी म्हणाली. “पण ते आता ताट ढकलून बसलेत. त्यांना काय सांगू?”

तिसऱ्या ट्रेपर्यंत आणखी एक भानगड उघडी पडली. सासरे मध्येही काळी स्लाइड घालत. खेळ बराच लांबला की तिथे दिवा मंद व्हायचा, सासूबाई चहाला उठायच्या आणि सासरे पाय मोकळे करायचे. म्हणजे कुठे एक घर सरकलेलं, कुठे तीन, कुठे पाच.

“त्या काळ्या स्लाइड्स आहेत कुठे?” त्याने विचारलं. “त्या परत लावल्या तर हिशेब लागेल.”

“तूच म्हणालास कचरा आहे,” बायको म्हणाली. “कचरा कचऱ्यात गेला.”

पंचाहत्तरीचा दिवस तोंडावर आलेला. मिलिमीटरने कारखान्यातून रजा टाकली आणि जुनी फाइल डावीकडे, नवी उजवीकडे ठेवून एकेक जोडी लावत बसला. डावीकडे काजळी, उजवीकडे फोटो. आकृतीचा कडेचा कोपरा जुळला की ओळ न वाचताच उचलायची, पुढे. जेवताना त्याचं डोकं डावीकडून उजवीकडे हलत असे. सगळं संपवून त्याने पुन्हा पहिल्यापासून जोड्या तपासल्या. एकही घर सरकलेलं नव्हतं.

पंचाहत्तरीला सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. मधल्या खुर्चीत सासूबाई, त्यांच्याजवळ मोठी मावशी. मावशीचे यजमान अजून रुसून खिडकीपाशी. दादा सोफ्यावर, पुढे काय होतंय ते बघायला सरसावून.

“शेळ्यांना आत घ्यायचं का बाहेर बांधायचं, जावईबापू?” त्याने विचारलं.

“बघाच आता,” मिलिमीटर म्हणाला.

पहिले दोन ट्रे निर्धोक गेले. स्कूटरवर ऊन चमकत होतं, मावशीच्या पदराचा काठ मोजता येत होता. दादालासुद्धा म्हणावं लागलं, “क्लिअर आहेत, हे मान्य.” मिलिमीटरची छाती अर्धा इंच फुगली.

तिसऱ्या ट्रेमध्ये ओळ आली, ‘आमची पहिली सहल. समुद्र, लाटा फार.’ फोटोत गच्चीवरच्या दोरीवर चादरी वाळत होत्या. चिमटेसुद्धा स्वच्छ दिसत होते.

मिलिमीटरने घाईने पुढचा फोटो काढला. ‘ह्यांचे साहेब. फार कडक.’ फोटोत कापडाच्या दुकानातला पुतळा उभा होता. सुटाच्या बाहीला किमतीची चिठ्ठी लटकत होती.

“साहेब सेलमध्ये आहेत,” दादा म्हणाला.

पुढच्या फोटोत पायऱ्यांवर एक तरुण मुलगी मान वळवून हसत होती. खाली ओळ होती, ‘मी. रस्त्याने निघाले की सगळे वळून बघायचे.’

“ही मी आहे,” मोठी मावशी म्हणाली. “हे माझ्या शाळेचं दार. ही माझी वेणी.” ती सावकाश बहिणीकडे वळली. “हे ‘मी’ म्हणून कुणी सांगितलं?”

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि अत्यंत शांतपणे म्हणाल्या, “जावईबापू, परत सरकलं वाटतं.”

मिलिमीटरचा हात बटणावर होता. जुनी फाइल एका बोटाच्या अंतरावर होती. ती उघडली असती तर तीच काजळी, तीच ओळ, दादाच्या हातची, सर्वांना दिसली असती, आणि जावई तंतोतंत बरोबर ठरला असता. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या विनवत नव्हत्या, घाबरल्याही नव्हत्या. कारखान्यात मोठे साहेब कागद पुढे सरकवून सहीची वाट बघतात, तशा बघत होत्या.

“हो,” मिलिमीटर म्हणाला. “सरकलंय.”

“मी केलं तेव्हा एक अक्षर चुकलं नव्हतं,” दादा म्हणाला.

“नव्हतंच,” सासूबाई म्हणाल्या. “तू फार मन लावून लिहिलंस रे.”

केक कापून झाल्यावर तो रिकाम्या बशा घेऊन स्वयंपाकघरात गेला, तेव्हा सासूबाई चहाला आधण ठेवत होत्या. त्याने दार लोटलं.

“आई, एकही ओळ सरकलेली नाही.”

“माहीत आहे मला.”

“मग तो समुद्र?”

“त्या काजळीत काय दिसत होतं मला? काहीतरी पांढरं हलत होतं. म्हटलं, समुद्र.”

“आणि साहेब?”

“ताठ उभे होते, बोलत नव्हते. साहेबच वाटले.” त्यांनी साखर घातली. “हे गेल्यावर घर कसं झालं होतं, तुम्हाला काय सांगू. दादा ऑफिसातून तडक यायचा, शेजारी खुर्ची ओढून विचारायचा, ‘आई, हे काय?’ मी ‘दिसत नाही रे’ म्हटलं असतं, तर दोन दिवसांत काम संपलं असतं. मग मी सांगत गेले. तो लिहीत गेला. दोन महिने निघाले.”

मिलिमीटरने गाळणी त्यांच्यापुढे ठेवली. “पण ते सगळे वळून बघायचे, हे?”

“ते खरं आहे. फोटो माझा नाही, एवढंच.” त्यांनी गॅस बंद केला. “उद्यापासून संध्याकाळी येत जा. आता लख्ख दिसतंय. पहिल्यापासून लिहू. दादाने विचारलं तर सांगा, स्वतःची चूक निस्तरतोय म्हणून.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन पोहोचला, तर दारात दादाची चप्पल.

“तुमच्यावर एकट्यावर सोडणार नाही मी हे,” दादा खुर्ची ओढत म्हणाला. “माझं एवढं काम मातीत घातलंत. यापुढे तुम्ही बटणं दाबा, मी लिहितो. आई सांगेल.”

सासूबाई दोघांच्या मध्ये बसल्या. मिलिमीटरने पहिला फोटो उघडला. पडद्यावर लग्नाच्या हारातल्या फुलांची पाकळीन् पाकळी दिसत होती. सासूबाईंनी तो पाहिला. मग उजवीकडे लेकाकडे, डावीकडे जावयाकडे पाहिलं. चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं.

“नीट दिसत नाही बाई,” त्या म्हणाल्या. “घाई करू नका. रोज एकच घेऊ.”

मिलिमीटरने मान हलवली आणि पडद्यावरचा उजेड थोडा कमी केला.