अंगरक्षकाचा ब्रेक लाईट

“पप्पा, तुम्ही काय बोलायचं न्हाय. नुसतं उभं राहायचं. जमंल नव्हं?”

क्रांतीनं हे विचारलं तेव्हा धैर्यशीलरावांचा घास हातातच राहिला. रविवारी राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये कॉस्प्लेची स्पर्धा होती. एखाद्या पात्राचा पोशाख घरी बनवायचा, अंगात घालायचा आणि स्टेजवर जायचं. क्रांती एक चित्रकथा काढत होती. त्यातली राणी ती स्वतः होणार होती आणि राणीचा लोखंडी अंगरक्षक तिची मैत्रीण सबिना. पण सबिना गाडीवरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि राणी उघडी पडली.

“पण माझं पोट?” धैर्यशीलरावांनी स्वतःच मुद्दा काढला.

“लोखंडी हाय म्हणायचं.”

धैर्यशीलराव लगेच हो म्हणाले. राणीनं सिंहासन व्हा म्हटलं असतं, तरी ते झाले असते. त्याला कारण होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ते सतरा वर्षं कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, तपासत होते. बरोबर मालाला हिरवा टॅग, चुकलेल्याला लाल, आणि टॅगवर कारण. ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या कामगाराला ते दिवसभर फैलावर घेत. हे टॅग त्यांच्या खिशातून घरीही येत. क्रांती दुसरीत असताना तिनं एक हत्ती काढून दाखवला, तर या गृहस्थांनी त्यावर लाल टॅग लावला. कारण लिहिलं, ‘सोंडेचं माप चुकलं.’ गंमत म्हणून लावला, असं ते अजून सांगतात. त्यानंतर बारा वर्षांत पोरीनं बापाला एकही चित्र दाखवलं नव्हतं. या माणसाला अक्कल जरा उशिरा येते, हे आम्ही खात्रीनं सांगू शकतो. कसं, ते विचारू नका.

क्रांतीनं अंगरक्षकाचं चित्र त्यांच्या हातात दिलं, ते मात्र मोजमापांपुरतं. “छाती, पाठ, खांदे तुम्ही करा. आणि छातीत निळा दिवा. एकच. फक्त निळा.”

चिलखतासाठी फोम लागतो आणि फोम चपलांच्या तळव्यांसाठी मिळतो, एवढी माहिती काढून ते चप्पल करणाऱ्यांच्या गल्लीत गेले.

“कितव्या नंबरची चप्पल पायजे?” दुकानदारानं विचारलं.

“चप्पल न्हाय. छाती करायची हाय.”

दुकानदारानं त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, “डॉक्टरला दावलं का पावणं?”

खांद्यांना दुधाच्या किटल्यांची झाकणं बसली. डोक्याला काहीच बसेना, शेवटी इडलीपात्र बसलं. पूर्णिमाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, दारातच उभ्या राहिल्या. “अहो, उद्या इडली मागाल तेव्हा डोक्यावरनं काढून देणार व्हय?”

मग दिव्याची पाळी आली. वायर जोडायला अक्कल कशाला लागते, असं म्हणून त्यांनी वायर जोडली आणि अख्ख्या घराचा फ्यूज उडाला. पूर्णिमाताईंची मालिका ऐन साखरपुड्यात बंद पडली. दुसऱ्या दिवशी साखरपुडा मोडायच्या वेळी पुन्हा उडाला. तिसऱ्या दिवशी पूर्णिमाताईंनीच चिलखत पिशवीत भरून दिलं आणि मुजम्मिलचा पत्ता सांगितला.

मुजम्मिल रिक्षा सजवायचा. कोल्हापुरात रिक्षा नवरीसारखी नटवतात, तिच्या सौंदर्यस्पर्धा भरतात, आणि मुजम्मिलच्या हातची रिक्षा तीनदा पहिली आली होती. त्यानं चिलखत उलटंपालटं करून पाहिलं.

“मॉडेल कंचं?”

“अंगरक्षक.”

“पॅसिंजर किती?”

“आत एकटा मीच.”

“म्हंजे ड्रायव्हर तेवढा. पोरंबाळं?”

“एक मुलगी. क्रांती.”

मुजम्मिलनं मान डोलावली. तेवढ्यात कोपऱ्यावर कंपनीची बस दिसली. क्रांतीचं चित्र बॅगेत होतं, मापं होती, बाणही होते. पण धैर्यशीलराव धावत सुटले आणि धावताधावता ओरडले, “छातीत निळा दिवा! बाकी करा तुमच्या मनानं!” कंपनीत केसाएवढा फरक खपवून न घेणारा माणूस हे बोलला. बसमध्ये बसल्यावर त्यांना थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण खिडकीची जागा मिळाल्यामुळे ते विसरले.

रविवारी ते चिलखत घ्यायला गेले तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता. मुजम्मिलनं ते जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं होतं.

“एकदा चालवून बगा की.”

“वेळ न्हाय.”

“अवो पण मुठीत बटणं—”

“चालतंय की!” धैर्यशीलराव म्हणाले. सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

हॉलच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत क्रांतीनं त्यांना चिलखत चढवलं. पाठीवर बॅटरी असल्यामुळे ते वाकले होते, पण छातीतला निळा दिवा लागला आणि क्रांती म्हणाली, “पप्पा, भारी!” तेवढ्या एका शब्दावर ते ताठ झाले.

स्टेजवर अंधार होता. निळा उजेड पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. राणीनं तलवार उचलून आज्ञा केली, “अंगरक्षका, मागे हो!”

अंगरक्षक एक पाऊल मागे झाला. घाबरलं की मुठी आवळायची धैर्यशीलरावांना जन्मापासूनची सवय. मुठी आवळल्या, त्यांतली बटणं दाबली गेली आणि कमरेतून आवाज सुरू झाला, रिक्षा मागे घेताना येतो तो. टुंई, टुंई, टुंई. दोन्ही खांद्यांवरची झाकणं पिवळी उघडमीट करू लागली. ते आणखी घाबरले, मुठी आणखी घट्ट झाल्या. पळून जावं म्हणून वळले, तर पाठ लोकांकडे झाली. पाठीवर दोन लालभडक ब्रेक लाईट होते, त्यांच्यामध्ये गुलाबी-हिरव्या पळत्या दिव्यांत ‘क्रांती’, आणि खाली रेडियमनं ‘अंतर ठेवा’.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “ओ काका, शाहूपुरीला येणार का?”

हॉल खो खो हसू लागला. इडलीपात्राच्या भोकातून धैर्यशीलरावांना क्रांतीचा चेहरा दिसला. हत्तीला लाल टॅग लागला तेव्हा झाला होता तसाच. संपलं, आता आणखी बारा वर्षं, असं त्यांना वाटलं.

क्रांतीनं त्यांच्या पाठीवरचं आपलं नाव पाहिलं. मग तिनं मुकुट सरळ केला, तलवार रिक्षेला हात करतात तशी आडवी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “अंगरक्षका! राणीला मिरजकर तिकटीला सोड. आन् मीटरनं!”

बोलायचं नाही, असं ठरलं होतं. पण प्रश्न मीटरचा होता.

“मीटर बंद हाय, राणीसाहेब,” इडलीपात्रातून आवाज आला. “आन् तिथनं परतीचं भाडं मिळत न्हाय!”

पुढची पाच मिनिटं परीक्षकांनाही काही लिहिता आलं नाही. नियमाप्रमाणे पोशाख मूळ चित्राशी जुळायला हवा होता आणि तो फक्त निळ्या दिव्यापुरता जुळत होता, म्हणून बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. मुजम्मिलला फोनवर हे कळलं तेव्हा तो फार हळहळला. “वायपर बसवायला पायजे हुता,” म्हणाला. नाव कशाला लावलं, असं विचारल्यावर त्यालाच नवल वाटलं. “पोराचं नाव न्हाय अशी रिक्षा कुठं बगितली काय?”

क्रांती मात्र घरी आल्याबरोबर जेवली. इडलीपात्र घासून जागेवर ठेवलं आणि खोलीचं दार लावून बसली. धैर्यशीलरावांनी दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि परत आले.

सोमवारी कंपनीत त्यांनी टॅग काढायला बॅग उघडली, तर गठ्ठ्याखाली एक घडी घातलेला कागद होता. चित्रकथेचं नवं पान. राणी ऐटीत उभी, मागे अंगरक्षक. खांद्यांवर पिवळे दिवे, पाठीवर नाव आणि पुढे भलंमोठं लोखंडी पोट. कोपऱ्यात टाचणीनं लावलेला हिरवा टॅग. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पोटाचं माप चुकलंय. चालतंय की.’

धैर्यशीलरावांनी टॅग पुन्हा वाचला आणि बाहीनं डोळे पुसले. फोरमन बाळासो जवळ आला. “सायेब, डोळ्याला काय झालं?”

“काय न्हाय,” मी म्हणालो. “चपलीचा फोम गेलाय.”