कळा यायच्या आधीची बातमी

"बुधवारी सकाळी आठला ॲडमिट करा, कळा यायचं औषध देऊ," असं डॉ. प्राचींनी सांगितलं तेव्हा नंदकिशोर मोहरील यांनी त्यातले दोनच शब्द नीट ऐकले: बुधवार आणि आठ. त्यानंतर डॉक्टर आणखी पाच मिनिटं बोलल्या. तारीख उलटून आठ दिवस झालेत, घाबरण्यासारखं काही नाही, पण आता नुसती वाट पाहणं बरं नाही. औषध ठेवल्यावर कळा कधी सहा तासांत येतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. पहिलटकरणीला वेळ लागतोच. मधूनमधून बाळाचे ठोके बघत राहू. आभा मन लावून ऐकत होती आणि तिचा नवरा ऋतिक वहीत टिपून घेत होता. आभाचे वडील मात्र केळापूर तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. तारीख आणि वेळ ठरली म्हणजे काम झालं, अशी त्यांची छत्तीस वर्षांची समजूत.

पांढरकवड्याला घरी आल्याबरोबर त्यांनी टेबलावर कोरे कागद घेतले आणि यादी करायला बसले. फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, जुन्या धुतलेल्या सुती साड्यांचे तुकडे, गरम पाण्याची बाटली, रक्तगट जुळणाऱ्या दोघांचे फोन नंबर.

"मुदत संपली तरी हजर झालं नाही, म्हणून डॉक्टर स्मरणपत्र काढून राहिल्या. बाकी काही नाही," त्यांनी बायकोला समजावलं.

"स्मरणपत्र पाठवल्यावर तुमच्या कचेरीत कोण लगेच येत होतं?" रत्नप्रभाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "अन् बोरीला कळवलं का?"

बोरी म्हणजे बोरी अरब, आभाचं सासर. तिथं ऋतिकचे आईवडील, तानाबाई आणि बबनराव, कापसाच्या वेचणीत गुंतलेले होते.

"यादीत सतरा नंबरला आहे ते. सगळं झाल्यावर कळवायचं. आधी सांगितलं तर गाडी भरून येतील, अन् दवाखान्यात गर्दी चालत नाही."

"आजी आहे ती. तिला वाईट वाटेल."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," नंदकिशोर म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी बातमीचा मसुदाही तयार केला. आभाच्या लग्नात काढलेला फोनवरचा ग्रुप तीन वर्षांनंतरही चालू होता आणि त्यात दोन्हीकडची मिळून एकशे बारा माणसं होती. नंदकिशोरांनी त्या ग्रुपातच टाइप करून ठेवलं: 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमची कन्या सौ. आभा हिला आज ठीक ...... वाजता ...... रत्न प्राप्त झाले असून वजन ...... आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप.' वेळेवर टिंबं तेवढी भरायची. घाईत चूक नको, हा त्यांचा जन्माचा नियम.

बुधवारी सगळे आठला दहा मिनिटं कमी असताना यवतमाळच्या दवाखान्यात हजर झाले. नर्स दिपालीनं आभाचं वजन, रक्तदाब घेतला, पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके कागदावर काढले. नऊ वाजता डॉक्टरांनी औषध ठेवलं. ऋतिकनं फोन बंद करून बॅगेत टाकला आणि तो आत आभाजवळ बसला. रत्नप्रभाबाईही आतच राहिल्या. बाहेरच्या बाकावर उरले नंदकिशोर.

दहा झाले, अकरा झाले, काहीच झालं नाही. नंदकिशोरांनी चष्मा पुसला. मग त्याच रुमालानं फोनची काच पुसली. फोननं बारीकसा आवाज केला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं तर मसुदा टिंबांसकट ग्रुपावर गेलेला.

 पण माणूस कचेरीत मुरलेला, हातपाय गाळणारा नव्हता. त्यांनी मेसेजवर बोट दाबून धरलं, फोननं दोन-तीन पर्याय विचारले, त्यांनी वरचा दाबला आणि मेसेज नाहीसा झाला. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या ग्रुपाकडे पुन्हा पाहायचंच नाही असं ठरवलं. तो फक्त त्यांच्याच फोनमधून नाहीसा झाला होता, उरलेल्या एकशे अकरा फोनांत शाबूत होता, हे त्यांना कोण सांगणार?

पाच मिनिटांत मुकुटबनहून त्यांच्या मेव्हण्याचा फोन आला.

"अभिनंदन, भाऊजी."

"धन्यवाद, धन्यवाद." ॲडमिट झाल्याबद्दलही आजकाल अभिनंदन करतात, असं त्यांना वाटलं.

"आभा कशी आहे?"

"एकदम मजेत. आताच चहा घेतला."

"वा. अन् वजन किती भरलं?"

नंदकिशोरांनी सकाळीच काट्यावर पाहिलं होतं. "बहात्तर," त्यांनी सांगितलं.



"बहात्तर?"

"हो. आधी साठ होतं, मग वाढत गेलं."

"भाऊजी, तुम्ही जरा आराम करा," मेव्हणा हळूच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

असे सात-आठ फोन आले. "मुलगा की मुलगी" असं कोणी विचारलं की नंदकिशोर म्हणत, "आपल्याला काय, दोन्ही सारखेच." यावरून ऐकणारे आपापल्या मनाप्रमाणे अर्थ काढत होते. मुकुटबनच्या मेव्हण्यानं तोवर शाळेच्या स्टाफरूममध्ये भाचीला मुलगा झाल्याचे पेढेही वाटले. साडेबाराच्या सुमारास नंदकिशोर केळी आणायला खाली उतरले आणि ते कोपऱ्यावर वळताच बोरी अरबची गाडी दवाखान्याच्या दारात लागली.

बबनरावांनी ग्रुपावरचा मेसेज वावरातच वाचला होता. तानाबाईंनी कमरेची ओटी सोडून कापूस तिथंच ठेवला. मुलाचा फोन लागत नव्हता. आपल्या नातवंडाची बातमी आपल्याला गावासोबतच कळावी, याचं त्यांना फार लागलं होतं. पण रुसायला वेळ नव्हता. बबनरावांना आणि शेजारच्या तिघी जणींना घेऊन त्या निघाल्या, आणि बबनराव गाडी लावेपर्यंत दवाखान्याचा जिना चढून वर आल्या.

वरच्या बाकावर एक म्हातारी तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिचं नाव बिजलीबाई. तिची सून शेजारच्याच खोलीत होती.

"हेच का वं ते अकरा वाजता झालेलं?" तानाबाईंनी विचारलं.

"हो, सव्वाअकराले झालं," बिजलीबाई म्हणाल्या.

तानाबाईंना आणखी काय हवं होतं? ही सांभाळायला ठेवलेली बाई असणार, असं समजून त्यांनी बाळ उचललं. चौघींची डोकी त्यावर वाकली.

"नाक पाह्य, नाक. हुबेहूब माह्या ऋतिकचं हाय."

"अन् कपाय बबनभाऊचं," दुसरी बाळाच्या कपाळाला बोट लावत म्हणाली.

बिजलीबाईंना कोण ऋतिक ते कळेना. पण चार बायका इतक्या मायेनं आपल्या नातीची दृष्ट काढताहेत, तर कशाला मोडता घाला, असं म्हणून त्या कौतुकानं बघत राहिल्या.

तेवढ्यात नंदकिशोर केळी घेऊन वर आले. समोर पाहतात तर विहीणबाईंच्या हातात बाळ. आपण पंधरा मिनिटं खाली काय गेलो आणि इकडे होऊनही गेलं?

"झालं?" त्यांच्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

"झालं तं. तुमीच तं कळवलं ना, इवाई," तानाबाई व्याह्यांना म्हणाल्या. मनातला राग त्यांनी बाळाकडे पाहून गिळला होता. "घ्या, घ्या."

नंदकिशोरांनी केळी बाकावर ठेवली आणि बाळ हातात घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. पस्तीस वर्षांपूर्वी आभाला असंच घेतलं होतं, असं काहीबाही ते बोलू लागले. खरं तर आभा एकोणतीस वर्षांची होती, पण त्या क्षणी कोणी हिशेब मागितला नाही.

आतून दार उघडून रत्नप्रभाबाई बाहेर आल्या. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे कोणाचं बाळ घेतलं तुम्ही?"

नंदकिशोरांनी विहीणबाईंकडे पाहिलं, विहीणबाईंनी बिजलीबाईंकडे. शेवटी बिजलीबाई म्हणाल्या, "माह्या सुनेचं हाय जी. घेऊ द्या, लेकरू कोनाच्या हातानं झिजते का?"

मग मागून वर आलेल्या बबनरावांचा फोन निघाला. त्यातला टिंबांचा मेसेज आणि खालची शहाण्णव अभिनंदनं नंदकिशोरांनी वाचली आणि ते बाकावर बसले ते बसलेच. पण चूक झाली तर दुरुस्ती ताबडतोब निघाली पाहिजे. त्यांनी तिथल्या तिथं ग्रुपावर टाकलं: 'बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याबाबतचा आमचा आजचा संदेश रद्द समजावा.'

पुढच्या पाच मिनिटांत जे फोन सुरू झाले ते सगळे रडवेले होते. मुकुटबनच्या मेव्हण्याला तर बोलताच येईना. नंदकिशोर "तसं नाही, तसं नाही" म्हणत राहिले, आणि ते जितकं म्हणत तितका पलीकडच्यांचा धीर सुटत गेला. अखेर तानाबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, बोलायचं बटण दाबलं आणि ग्रुपाला आपल्या आवाजात सांगितलं:

"मी ऋतिकची माय बोलून राह्यली. कोनी रडू नका अन् कोनी येऊ नका. पोरगी चांगली हाय, लेकरू पोटात हाय. झालं की मी सांगीन. इवाईचं काही मनावर घेऊ नका."

ग्रुप शांत झाला. आत आभा मात्र शांत नव्हती. ऋतिकनं तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"सगळ्यांचे पेढे खाऊन झाले, अन् माझं अजून पोटसुद्धा दुखून नाही राहिलं. माझ्यातच काही कमी आहे का, डॉक्टर?"

तीन वाजले होते. डॉ. प्राचींनी तपासलं. "काही कमी नाही. ठोके छान आहेत. पिशवीचं तोंड थोडं मऊ झालंय, आता दुसरा डोस ठेवते. मी परवाच म्हटलं होतं ना, कधी दुसरा दिवसही उजाडतो?" शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी दाराशी उभ्या नंदकिशोरांकडे पाहिलं. "डोस ठेवल्यावर तासभर पडून राहा, मग चालायला हरकत नाही. बाळाचे ठोके बिघडले तर ऑपरेशनचं बघू, पण ते आतापासून डोक्यात नको."

आभाच्या डोक्यात नेमकं तेच बसलं. चार वाजता तानाबाई तिच्या खाटेजवळ गेल्या.

"ऊठ वं माय. चाल."

"आई, मला भीती वाटते."

"वाटन तं. मलेही वाटलती. ऋतिकच्या टायमाले दीड दिवस लागला मले. कोनी सांगलंच नोतं का इतला येळ लागते म्हून. मले वाटे, आपल्यालेच जमून नाई राह्यलं." त्यांनी तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "हे कायले मेलं कोनी सांगत नाई, कोन जाने."

दोघी व्हरांड्यात चालू लागल्या. मागे रत्नप्रभाबाई, त्यांच्यामागे बोरीच्या तिघी आणि सगळ्यात मागे पाण्याची बाटली धरून नंदकिशोर. एका फेरीत बिजलीबाईही त्यांच्यात आल्या. "आमच्या सुनेलेही काल सकायी नऊ वाजता देल्लं होतं औषध," त्या म्हणाल्या, "आज सव्वाअकराले झालं. घाई करू नका." डॉक्टरांचं बोलणं कानावरून घसरून गेलं होतं. बिजलीबाईंचं एवढं वाक्य नंदकिशोरांच्या कानात बसलं.

सहाव्या फेरीला त्यांनी तानाबाईंना गाठलं. "विहीणबाई, चूक माझी झाली."

"चूक तं झाली," तानाबाई चालता चालता म्हणाल्या. "पन थ्या चुकीनं मी येळेवर आली. तुमी तं मले मांगून बलावनार होते."

नंदकिशोरांना खोटं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत. "हो," ते म्हणाले.

"मंग बरं झालं ना चूक केली," तानाबाई म्हणाल्या. आणि आभा एकाएकी थांबली. तिनं कठडा घट्ट धरला, डोळे मिटले, मग लांब श्वास सोडला.

"आली वाटते एक," ती म्हणाली.

दाराशी उभ्या ऋतिकनं घड्याळ पाहून वहीत लिहिलं. दुसरी वीस मिनिटांनी आली, तिसरी बारा मिनिटांनी. दिपालीनं तिला आत नेलं. संध्याकाळी सलाइनमधून औषध सुरू झालं. रात्र लांब होती एवढंच. बोरीच्या बायका बबनरावांसोबत परत गेल्या, तानाबाई राहिल्या.

सकाळी साडेसहाला दार उघडलं. दिपालीच्या हातात पांढऱ्या कपड्याची गुंडाळी होती.

"मुलगी आहे. दोन किलो नऊशे. आभाताई छान आहेत, ऑपरेशनची गरज नाही पडली. काका, कोणी घेतं का?"

ऋतिक आणि रत्नप्रभाबाई आत आभाजवळ होते. बाकावर तानाबाई पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या होत्या. जागे होते ते फक्त नंदकिशोर. त्यांनी आधी बाळाच्या पायाला बांधलेली चिठ्ठी वाचली, 'आभा ऋतिक' असं लिहिलेलं दोनदा तपासलं, आणि मगच हात पुढे केले.

"विहीणबाईंना उठवू का?" दिपालीनं विचारलं.

नंदकिशोरांनी बाकाकडे पाहिलं. खिशात फोन होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. "झोपू द्या. काल किती चालल्या त्या," ते म्हणाले.

दिपाली गेली. बाळानं एक डोळा उघडला, आजोबांना थोडा वेळ निरखून पाहिलं आणि कंटाळून मिटला. नंदकिशोर हललेसुद्धा नाहीत. बातमी आपल्याला कळली आहे आणि ती कोणाला सांगायची घाई नाही, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

"इवाई," पदराखालून आवाज आला, "माहे डोये केव्हाचे उघडे हायत."

नंदकिशोर दचकून उठू लागले.

"बसा जी, बसा," तानाबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं तुमची. मंग माहा नंबर."

आणि त्यांनी पदर पुन्हा तोंडावर ओढून घेतला.