प्रश्नातला व्हय

सुहास चौगुले समोरून येताना दिसला, की आमच्या गल्लीतली माणसं एकतर रस्ता बदलतात, नाहीतर लांबूनच "व्हय" म्हणून मोकळी होतात. कारण तो कुशल विचारत नाही. मोबाइल तोंडापुढे धरतो आणि म्हणतो, "जरा व्हय म्हणा की."

सुहास कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पुण्यातल्या एका कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसून करतो. फोनवर माणसांशी बोलणारं यंत्र बनवायचं, हे ते काम. यंत्र शेतकऱ्याला विचारतं, "आपल्याला खतांची माहिती हवी आहे का? होय किंवा नाही म्हणा." बिद्रीचा शेतकरी म्हणतो, "व्हय." यंत्र म्हणतं, "क्षमा करा, समजलं नाही." तिसऱ्या खेपेला शेतकरी यंत्राच्या खानदानाचा उद्धार करून फोन ठेवतो. हे सुहासच्या जिव्हारी लागलं. यंत्राला व्हय शिकवायचाच, म्हणून तो दारोदार व्हय गोळा करत सुटला.

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. 'व्हय नाही, होय म्हण' असं सांगत पोरांच्या हातावर पट्टी मारली. त्यात सुहासचाही हात होता. त्याने माझ्यापुढे फोन धरला, तेव्हा मी स्वच्छ "होय" म्हटलं.

"बाई, तुमचा होय नको. त्यो यंत्राला येतोय. व्हय म्हणा."

माझ्या तोंडून काही तो निघेना. निघाला तोही सुहासने लगेच पुसून टाकला. "पावण्यांचा वाटतोय," म्हणाला. पट्टीचं उट्टं काढलं मेल्याने.

भाजीवाल्या शेवंताबाईशी तर त्याचं भांडणच झालं. ती म्हणाली, "येडा झालास व्हय रं?"

सुहासने मान हलवली. "प्रश्नातला व्हय चालत न्हाय, मावशी. उत्तरातला पायजे."

तिने उत्तरादाखल वांगं फेकून मारलं. मग वैतागून "व्हय बाबा, व्हय!" म्हणाली. त्याने ते दोन्ही ठेवून घेतले, आणि वांगंही.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. मागच्या महिन्यात तो बोलवायला आला. "बाई, एक व्हय अडलाय. ऐकता?"

त्याचे वडील, आण्णा, खुर्चीत बसले होते. आण्णा बसचे कंडक्टर. त्यांच्या हाळीने मागच्या बाकावरचा माणूस झोपेतून उठून तिकिटाचे पैसे काढायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या सगळ्या आवाजातून एकच शब्द उरला, व्हय. पाणी हवं तरी व्हय, नको तरी व्हय. त्यांच्यासाठीच सुहास पुणं सोडून आला. लग्नाचं राहिलं ते राहिलंच.

लॅपटॉपवर आण्णांचे व्हय ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाला नाव. 'पाणी'. 'पाठ दुखत्या'. 'पंखा बंद कर'. 'नको म्हटलं की'. कंपनीसाठी दारोदार फिरण्याच्या आधीपासून तो घरातले व्हय गोळा करत होता, हे मला तेव्हा कळलं आणि माझीच मला लाज वाटली. शेवटच्या व्हयपुढे नाव नव्हतं, नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

"ह्यो रोज संध्याकाळी येतोय. मी काम संपवून लॅपटॉप मिटला की. पाणी दिलं, कूस बदलली, डॉक्टरला विचारलं. काय मागत्यात तेच कळंना, बाई."

मी तो तीनदा ऐकला. शेवटाला सूर वर गेलेला. शेवंताबाईच्या तोंडचाच की हा!

"अरे, ते काही मागत नाहीत. हा प्रश्नातला व्हय आहे. आधीचा शब्द गळलाय, एवढंच. काम संपवून उठलेल्या पोराला बाप काय विचारतो?"

सुहासने तो व्हय पुन्हा एकदा लावला. मग हळूच म्हणाला, "दमलास व्हय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. समोरच्या घरात सुहासने लॅपटॉप मिटला. आण्णांचा व्हय आला. दोन वर्षं त्या प्रश्नाला पाण्याचा पेला मिळत होता. आज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर आलं.

"न्हाय, आण्णा. न्हाय दमलो."