आरशातला बुलबुल आणि मोज्यातली पाल

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी चहाचा कप आदळला आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात एक तर तो बुलबुल राहील, नाहीतर मी."

"मग दुपारचा स्वयंपाक एकटीपुरताच करू?" बायकोने विचारलं.

तिला गंमत सुचत होती याचाच मास्तरांना जास्त राग आला. ती परिचारिका. घरोघरी जाऊन आजारी माणसांना बघायचं नवं काम तिला मिळालं होतं, पण आज गाडीची परीक्षा पास झाली तरच. याआधी ती दोनदा नापास झाली होती. मास्तरांची स्वतःची बायको! गल्लीतली माणसं मास्तरांना मुद्दाम थांबवून तिच्या परीक्षेची चौकशी करत आणि हसत निघून जात.

आणि त्यात हा बुलबुल. गाडीच्या बाजूच्या आरशात त्याला रोज दुसरा बुलबुल दिसायचा आणि हा त्याच्याशी हातघाईवर यायचा. चोचीने टकटक, पंखांची फडफड, आणि भांडून दमला की गाडीच्या दारावर पांढरे ओघळ. मास्तरांनी टॉवेल फिरवला, शिव्या घातल्या, आरसा दुमडला. बुलबुल दुसऱ्या बाजूच्या आरशाशी भांडायला गेला. शेवटी काल संध्याकाळी मास्तरांनी आपले लोकरीचे मोजे दोन्ही आरशांवर चढवले होते.

"निघायच्या आधी ते मोजे काढा," बायको म्हणाली.

"एकच काढतो, तुझ्या बाजूचा. तो बदमाश तारेवर बसून वाटच बघतोय. दुसरा मैदानावर गेल्यावर काढू. आणि मला शिकवू नकोस."

मैदानावर परीक्षा घेणारे साहेब आधीच येऊन उभे होते. घड्याळाकडे बघत होते. मास्तरांनी घाईघाईने दुसरा मोजा ओढला, गुंडाळला आणि पुढच्या काचेखाली भिरकावला. गाडी त्यांच्या शिकवणीची म्हणून त्यांना मागे बसायची मुभा होती. साहेब पुढे बसले, बायकोने पट्टा लावला आणि गाडी अलगद मैदानाबाहेर रस्त्यावर निघाली.

पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या वळणावर मोजा हलला.

मोज्यातून आधी एक डोकं आलं, मग एक अख्खी धष्टपुष्ट पाल. रात्रभर लोकरीत उबेला झोपलेली ती बाई आता जागी झाली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि साहेबांच्या बाहीवर उडी मारली. साहेब लाकडासारखे ताठ झाले. त्यांचा श्वास तेवढा चालू होता.

मास्तरांचा मात्र तोल गेला. सगळ्या आठवड्याचा राग त्या एका पालीवर निघाला. आधी बुलबुल, आता ही! साऱ्या प्राणिमात्रांनी कट करून त्यांच्या बायकोला नापास करायचं ठरवलं होतं!

"ब्रेक मार!" ते किंचाळले. "अगं, ब्रेक! पाल आहे पाल!"

बायकोने ब्रेक मारला नाही. मग मास्तरांनी शेजारची, शिकाऊ चालकाची पाटी उचलली आणि पालीवर नेम धरून हाणली. पाल चपळ होती, साहेब नव्हते. पाटी त्यांच्या खांद्यावर बसली आणि चष्मा उडून पायाशी पडला.

"आई गं," साहेब म्हणाले. परीक्षा सुरू झाल्यापासूनचा हा त्यांचा पहिला शब्द.

बायकोने आरशात पाहिलं. मागून एक ट्रक येत होता. तो पुढे जाऊ दिला, इंडिकेटर दिला, गाडी हळूहळू कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. मग साहेबांच्या कॉलरवर पोचलेली पाल तिने मोज्यात अलगद पकडली आणि खाली उतरून कुंपणावर सोडली. चष्मा पुसून साहेबांच्या हातात दिला, त्यांचा खांदा दाबून बघितला आणि म्हणाली, "मोडलेलं काही नाही. रात्री शेकून घ्या."

साहेबांनी चष्मा लावला. मागे एवढा गोंधळ चालला असताना तुम्ही ब्रेक का नाही मारला, असं त्यांनी तिला विचारलं. मारला असता तर ट्रक आपल्या अंगावर आला असता, हेही सांगितलं.

मास्तर ताठ बसले. आपल्या शिकवणीचं नाव आता निघणार, म्हणून त्यांचा हात खिशातल्या कार्डांकडे गेला.

"दोनदा यांचं ऐकून ब्रेक मारला होता, साहेब," बायको म्हणाली. "दोन्ही वेळा नापास झाले."

साहेबांनी तिला पास केलं. खांदा चोळत त्यांनी मास्तरांकडे असं काही पाहिलं, की मास्तरांनी पाटी सीटखाली सरकवली.

परत निघताना मास्तर सवयीने पुढच्या सीटकडे वळले. तिथे बायकोने पर्स ठेवली होती. ते मुकाट्याने मागे बसले. पहिल्याच वळणावर तिने गिअर जरा उशिरा बदलला. मास्तरांना असा राग आला म्हणता! पण घर अजून बरंच लांब होतं आणि उतरून पायी जावं असं ऊन नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.