जावयाचा डबा आणि चिंचेच्या आळीचं पाणी

गोरक्षने आयुष्यात दोन गोष्टी पहिल्या झटक्यात पसंत केल्या. एक मोनिका आणि दुसरी कुलूपबंद इमेज. मोनिकाच्या बाबतीत त्याचं काही चुकलं नाही.

नगरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये तो आणि त्याचा भागीदार रिझवान छोटी यंत्रं बनवायचे. सध्याचं यंत्र गावाला पाणी सोडणारं होतं. टाकीखालच्या खोलीत डबा बसवायचा आणि कुठल्या आळीचा वॉल कधी उघडायचा, कधी बंद करायचा, ते त्याने बघायचं. अशा डब्याच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याला जे जे शिकवायचं ते सगळं एका फाइलीत बांधून कार्डावर चढवतात, तिला म्हणतात इमेज. ती कोणत्या प्रकारची घ्यायची यावरून दोघांचं सकाळपासून वाजलं होतं.

"उघडी नको," गोरक्ष म्हणाला. "डबा त्यात काही लिहीत असताना लाईट गेली की कार्ड खलास. आणि पारनेर तालुक्यात लाईट जाते का, हे मला विचारू नको. कुलूपबंद घेऊ, तिच्यात नंतर काही लिहिलंच जात नाही. शंभर वेळा लाईट जाऊ दे, डबा उठला की पहिल्यासारखा ताजातवाना."

"ताजातवाना उठेल रे," रिझवान म्हणाला. "पण मधे त्याला जे सांगितलं ते कुठं ठेवणार? तिसरा प्रकार घे. सगळं कुलूपबंद, फक्त लिहायला एक कोपरा उघडा."

"कोपरा उघडा ठेवायचा तर कुलूप कशाला? लिहून घे, हा डबा बिघडला तर मी मिशी काढून फिरेन."

घाई करायला त्याला कारणही तसंच होतं. त्याचा साखरपुडा झाला होता आणि लग्नाची तारीख अडली होती ती या डब्यावर. मोनिकाचे वडील राधाकृष्ण औटी हा शब्दाला जपणारा माणूस. त्यांनीच सरपंच सत्यशीलाताईंकडे शब्द टाकला होता. "गोरक्षराव, माझ्या भरवशावर गाव डबा बसवून घेतंय," त्यांनी बजावलं होतं. "म्हैनाभर नीट चालला की तारीख धरू. त्याच्या आदी न्हाई."

डबा तपासायला गोरक्षने जागा निवडली ती सासऱ्यांची चिंचेची आळी. तिथे मोनिका होती आणि पोहे होते. एका आळीपुरतं वेळापत्रक घातलं, वॉल उघडला, पाणी आलं, पोहे खाल्ले. सगळं झकास चाललेलं पाहून त्याने तिथल्या तिथे त्याच अवस्थेची कुलूपबंद इमेज करून टाकली. मग ती चढवलेलं कार्ड टाकीखालच्या डब्यात बसवून सहा आळ्यांचं वेळापत्रक वरून भरलं आणि तो मिशीला पीळ देत नगरला गेला.

चार दिवस लाईट गेली नाही. हे गावात कुणालाच खरं वाटेना, पण गेली नाही खरी. ज्या दिवशी ज्या आळीची पाळी, तिलाच वेळेवर पाणी आलं. राधाकृष्णमामा पारावर आपणहून बसायला लागले.

पाचव्या दिवशी वरच्या आळीची पाळी होती. छबूबाई डोक्याला शिकेकाई लावून नळाखाली बसल्या आणि लाईट गेली. पाच मिनिटांनी आली. डबा ताजातवाना उठला, त्याला एवढंच आठवलं की जगात चिंचेची आळी नावाची एकच आळी आहे, आणि त्याने तिचा वॉल उघडला. छबूबाई डोळे मिटून तांब्याने नळ बडवत राहिल्या.

गोरक्ष मोटारसायकल दामटत आला. वेळापत्रक गायब. कुणीतरी बटणं दाबली असणार, असं त्याने ठरवूनच टाकलं. पुन्हा सगळं भरलं, आणि एवढ्या लांब आलाच होता म्हणून सासऱ्यांकडे जेवला. परतताना तो सुप्याच्या पुढे गेला नसेल तोच लाईट गेली, आली, आणि चिंचेच्या आळीत पाणी हौदावरून वाहून रस्त्यावर आलं. त्यात औट्यांची म्हैस जाऊन बसली.

"जावई जेवून गेला आन पानी सुटलं," छबूबाईंनी गावभर सांगितलं.

पुढच्या खेपेला तो जेवला नाही, नुसता चहा घेतला. पाणी तरीही सुटलं. "च्यावर बी सोडतो," छबूबाई म्हणाल्या. "लई मायाळू हाय."

आता गोरक्षने फार विचार केला आणि विचार करून जे करू नये नेमकं तेच केलं. बटणं दाबणाऱ्याला आत शिरता येऊ नये म्हणून त्याने टाकीखालच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली गावातल्या सगळ्यांत विश्वासू माणसाकडे ठेवायची, म्हणून ती दिली राधाकृष्णमामांकडे.

त्या आठवड्यात लाईट अकरा वेळा गेली. खोलीला कुलूप, किल्ली औट्यांच्या कनवटीला आणि पाणी औट्यांच्या आळीला. मामांनी पारावर जाणं सोडलं. दूध घालायलासुद्धा ते मागच्या वाटेने जाऊ लागले. मोनिकाचा फोन आला. "आप्पा दोन दिस झाले जेवले न्हाईत. तुमी पानी वळवलंय का, खरं सांगा."

"तुझी शपथ, नाही," गोरक्ष म्हणाला. तारीख तर गेलीच, मुलगीही जाते की काय, असं त्याला वाटलं.

ग्रामसभा भरली. कोरम पहिल्यांदाच बिनबोभाट पूर्ण झाला. डबा काढून टेबलावर ठेवला होता आणि प्रत्येक वॉलच्या जागी एक दिवा जोडला होता. गोरक्षने सहा आळ्यांचं वेळापत्रक सगळ्यांदेखत भरलं. "बघा, वरच्या आळीचा दिवा लागलाय," तो म्हणाला. "आता हा डबा कितीही वेळा बंद करा. त्याचं काही बिघडत नाही, हे मी लिहून देतो." आणि त्याने पिन काढून परत लावली.

चिंचेच्या आळीचा दिवा लागला.

त्याने पुन्हा पिन काढली, पुन्हा लावली. चिंचेची आळी. गोरक्षच्या डोक्यात रिझवानचा उघडा कोपरा लख्ख पेटला.

"ताई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "लाईट गेली की हा डबा पोह्यांच्या दिवसावर जातो. नंतरचं त्याला काहीच आठवत नाही. मामांचा यात काही संबंध नाही."

सत्यशीलाताईंनी चष्मा काढून पुसला. "म्हंजी लाईट आली की ह्याचा नवा जलम. आन दर जलमी सासुरवाडी."

सभा हसली. राधाकृष्णमामा हसले नाहीत, पण त्यांनी मान वर केली. गोरक्षसाठी तेवढं पुष्कळ होतं.

दोन दिवसांत त्याने तिसऱ्या प्रकारची इमेज बनवून बसवली. व्यवस्था कुलूपबंद, वेळापत्रकाला उघडा कोपरा. शिवाय कुणी काय बदललं तेही त्या कोपऱ्यात लिहिलं जाईल आणि सरपंचांच्या मोबाईलवर दिसेल, असं त्याने गावाला ठणकावून सांगितलं. रिझवान फक्त त्याच्या मिशीकडे बघत राहिला.

महिनाभर लाईट जाईल तेवढी गेली. पाण्याची पाळी एकदाही चुकली नाही. मामांनी शब्द पाळला आणि बैठक बसवली. भटजींनी दोन्ही पत्रिकांना चालणारे वैशाख-ज्येष्ठातले तीन मुहूर्त काढले. गोरक्षच्या आईने पेढ्यांचा पुडा सोडला.

"थांबा," मामा म्हणाले. "ह्या तीन दिसाला पानी कुनाचं हाय?"

गोरक्षने मोबाईलवर पाहिलं. तिन्ही दिवस दुसऱ्या आळ्यांचे होते.

"मग न्हाई जमायचं. दारात मांडव, हजार मानूस, आन आमच्या पाळीबिगर पानी दिसलं तर लोक जेवून उठतील आन म्हनतील जावयानं वळवलं."

"टँकर आणू की मामा."

"टँकरलाबी तेच म्हनतील. आमच्या पाळीच्या दिशी मुहूर्त बघा."

भटजी पानं उलटत राहिले. ज्येष्ठ संपला, चातुर्मास आला, तो ओलांडून भटजी पुढे सरकले. गोरक्ष हळूच ओट्यावर गेला. मोनिका तिथे उभी होती.

"पाळीचा क्रम एकच दिवस पुढे सरकवतो," तो कुजबुजला. "कुणाला कळणार नाही."

"कसं कळनार न्हाई? ताईंच्या मोबाईलवर तुमच्या नावासकट दिसंल. तुमीच तर केलंय तसं."

"केलंय खरं," गोरक्ष म्हणाला.

आत भटजींनी मार्गशीर्षातली तारीख वाचली. त्या दिवशी पाणी चिंचेच्या आळीचं होतं. सगळ्यांनी पेढे घेतले, गोरक्षनेही घेतला. मार्गशीर्षाला अजून सात महिने होते.